हात पोचेल तिथवर

शाळेची सहल आली की मी दारातच मुलांचे बूट काढून घेते आणि त्यामागोमाग पेनं. मोठ्या घरात शाईला मज्जाव आहे, लिहायचं ते पेन्सिलीने. शाईचा डाग जन्माला पुरतो, पेन्सिल खोडता येते, असं मी समजावते. त्यावर दर खेपेला एखादा व्रात्य विचारतोच, की मग पेन्सिलीने भिंतीवर लिहिलं तर चालेल का. मी त्याला म्हणते, चल, वर जाऊ. तिथे कुणीतरी ते आधीच करून ठेवलंय.

चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मी निवृत्त झाले. घरी बसून सुनेच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून इथे आले. बावीस खोल्या, मागे तबेला, काचघर, फळबाग, आणि नदीपर्यंत उतरत जाणारी हिरवळ. घराण्यातलं शेवटचं माणूस गेल्यावर हे सगळं एका संस्थेकडे आलं. संस्था ते जपते आणि लोकांना दाखवते. मुलांना दाखवायचं काम माझं. इथे मी सगळ्यांचीच 'बाई' आहे, तिकीट खिडकीवरच्या माणसापासून माळ्यापर्यंत.

वरच्या मजल्यावर पूर्वेला घरातल्या मुलांची अभ्यासाची खोली आहे. दोन लांब बाकं, एक फळा, आणि एक पृथ्वीचा गोल, ज्याच्यावरचे समुद्र आता चहाच्या रंगाचे झालेत. दाराच्या डाव्या हाताला भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत. घरातली चार मुलं तिथे पाठ टेकून उभी राहत, डोक्यावर पुस्तक आडवं ठेवलं जाई आणि त्याच्या खालून रेघ ओढली जाई. रेघेशेजारी तारीख आणि महिना, साल नाही. आणि प्रत्येक मुलाची एक खूण. थोरल्याची होडी, मधल्याची किल्ली, मुलीचं पान, शेंडेफळाची चांदणी. रेघा साधारण एकशे अठ्ठावीस सेंटिमीटरपर्यंत जातात आणि चौघांच्याही तिथे संपतात.

मी मुलांना सांगायचे, की या रेघा त्यांच्या आईने काढल्या, आणि नऊ वर्षांची झाली की मुलं शिकायला बाहेरगावी जात, म्हणून पुढे रेघा नाहीत. मला हे माझ्या आधीच्या बाईंनी सांगितलं होतं. त्यांना कुणी सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही. मुलांना मात्र रोज शिकवायचे, की कुणी काही सांगितलं तर 'कशावरून' असं विचारावं.

भिंतीला हात लावायला बंदी, म्हणून तिच्या शेजारी सुताराने एक उभी फळी करून दिली होती. आलेल्या मुलांची उंची मी त्या फळीवर मांडायची, ज्याला जी आवडेल ती खूण काढायची, आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून टाकायचं. डोक्यावर पुस्तक, पुस्तकाखालून रेघ. अकरा वर्षांत हाताला इतकी सवय झाली होती की डोळे मिटून केलं असतं.

या घराच्या भिंती, चित्रं, लाकूडकाम सांभाळायला एक तज्ज्ञ आहे. सगळे त्याला टॉर्च म्हणतात. तो समोरून उजेड कधी टाकत नाही. भिंतीला जवळजवळ गाल लावून कडेने टाकतो. तशा तिरप्या उजेडात भिंतीचा बारीकसा ओरखडाही सावली होऊन उठून दिसतो. वयाने माझ्या मुलाएवढा, बोलणं मोजकं. वर्षातून एकदा तो रेघांच्या भिंतीवर पारदर्शक फिल्म लावून रेघ न् रेघ गिरवून घेतो आणि मागच्या वर्षीच्या फिल्मशी ताडून बघतो. काही पुसट झालंय का, एवढंच त्याला बघायचं असतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नातीचा वर्ग सहलीला आला.

शाळेत तिला मुंगी म्हणत, आणि खरं सांगायचं तर घरीही आम्ही तेच म्हणायचो. आठ वर्षांची होती, दिसायची पाच वर्षांची. दोन वर्षं तिची उंची एकशे चारवर थांबली होती. सगळ्या तपासण्या झाल्या, कशातच काही सापडेना. डॉक्टर म्हणत, वाट पाहू. माझ्या मुलाला त्यांनी बाजूला घेऊन आणखीही सांगितलं होतं, की अशी थांबलेली मुलं पुढे आतूनही थकत जातात, आणि ते कधी सुरू होईल ते सांगता येत नाही. सूनबाईने दोन वर्षांत तिच्या एकाही फ्रॉकची दुमड उसवली नव्हती. घरात या विषयावर कुणी बोलत नसे, पण स्वयंपाकघराच्या दारावरची मोजपट्टीही कुणी काढत नसे.

त्या दिवशी मुलं रांगेत उभी राहिली आणि मी पट्टीने एकेकाची उंची मोजून कागदावर लिहीत गेले. मुंगीची पाळी आल्यावर एक पोरगा म्हणाला, "बाई, हिच्यासाठी पट्टी उलटी धरा." वर्ग हसला. मुंगीही हसली. तिचं ते हसणं मला फार लागलं. मी तिला खांद्याला धरून उभं केलं, डोक्यावर पुस्तक ठेवलं आणि नीट, ठळक रेघ ओढली.

फळी दुरुस्तीसाठी सुताराकडे गेलेली होती. मला ते सकाळपासून माहीत होतं.

रेघ भिंतीवर होती. मुलांच्या काही ध्यानात आलं नाही. मी त्यांना तबेल्यात नेलं, घोड्यांची गोष्ट सांगितली, बसमध्ये बसवलं, आणि परत वर आले. खोडावं तर चुन्याचा पापुद्रा निघेल. आमचा नियम असा, की चूक झाली तर हात मागे घ्यायचा आणि टॉर्चला सांगायचं. तो घरी गेला होता. उद्या सांगू म्हटलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेले. रात्रभर मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सकाळी मीच कुलूप उघडलं. माझ्या रेघेशेजारी तारीख होती, आदल्या दिवशीची. जुन्या तारखांचेच ते बारीक आकडे, सातचा तोच लांबलेला पाय. आणि तारखेपुढे खूण काढलेली. दोन वेढ्यांचा शंख, दोन इवली शिंगं. गोगलगाय.

मला आधी हसू आलं. हळू वाढणाऱ्या पोरीची कुणीतरी मायेने केलेली चेष्टा. मग त्या बंद खोलीत माझं हसू मलाच ऐकू आलं आणि मी हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

टॉर्च आल्यावर त्याच्यापुढे सगळं कबूल केलं. तो रागावला नाही. भिंतीला गाल लावून बराच वेळ बघत राहिला.

"बाई, ही रेघ तुम्ही काल काढलीत?"

"हो. या हाताने."

"मग ती ही नव्हे," तो म्हणाला. "भिंतीवर चाळीस वर्षांपूर्वी जपणुकीचा लेप दिलाय. ही रेघ लेपाच्या खाली आहे."

खाली जाऊन त्याने मागच्या वर्षीची फिल्म आणली. ती जागा कोरी होती. त्याने फिल्मची गुंडाळी केली आणि तो बाकावर बसला. या घरातल्या कुठल्याही वस्तूवर टॉर्चला बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मग त्याने आपल्या नोंदवहीत लिहिलं, 'एक रेघ जास्त. कारण माहीत नाही.' चुकीबद्दल मला संस्थेकडून एक कडक चिठ्ठी मिळाली. तिचं मला वाईट वाटलं नाही.

पाच आठवड्यांनी दुसरी गोगलगाय आली. पहिलीच्या वर, सात मिलिमीटरवर.

त्या संध्याकाळी मी घरी गेले आणि पर्स खांद्यावरच ठेवून मुंगीला दारापाशी उभं केलं. एकशे चार आणि वर सात मिलिमीटर. आदल्या रविवारी मोजलं होतं तेव्हा एकशे चारच होतं. मी पुन्हा मोजलं. मग तिला म्हटलं, जा खेळ. मी पर्स खांद्यावर तशीच घेऊन मोजपट्टीपुढे उभी राहिले, तेव्हा सूनबाईने विचारलं, आई, साखर कमी झाली का.

तिसरी आली, चौथी आली. रेघा संध्याकाळचं कुलूप आणि सकाळचं कुलूप यांच्या मधल्या वेळात येत. प्रत्येक वेळी घरची मोजपट्टी भिंतीशी जुळे. मुंगीचे गुडघे दुखू लागले. ती दुप्पट जेवू लागली. एका सुट्टीच्या दिवशी सूनबाईने फ्रॉकची दुमड उसवली आणि मशीनवर डोकं टेकून रडली. डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं असं, आणि त्यांनी आकडे लिहून घेतले. मी चौतीस वर्षं मुलांना कारण आणि परिणाम शिकवला. इथे भिंतीमुळे पोर वाढत होती की पोर वाढते म्हणून भिंतीला कळत होतं, हे काही मला सांगता येईना. आधी कोंबडी की आधी अंडं, त्यातली गत.

एकदा टॉर्च म्हणाला की खोलीत कॅमेरा लावता येईल. मी भिंतीकडे पाहिलं. त्यानेच मान हलवली. "नको. जपायचं म्हणजे आधी मोडायचं नाही."

तेव्हापासून मी रोज अर्धा तास आधी येऊ लागले. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येतं, बाकांवरून सरकत भिंतीपर्यंत पोचतं. रेघा त्या उन्हात चंदेरी दिसतात. मी काही मागत नसे. नुसती हात जोडल्यासारखी उभी राहत असे. एवढ्या मोठ्या घरात कुणीतरी माझ्या नातीची उंची लक्षात ठेवून होतं, ही गोष्ट माझ्या मनात मावत नव्हती.

अडीच वर्षांत मुंगी एकशे सत्तावीसपर्यंत आली. शाळेत तिचं ते नाव गळून पडलं. आणि मग रेघा थांबल्या.

पहिला महिना मी मनाची समजूत घातली. पाच महिने झाले तेव्हा समजूत संपली. गुडघे दुखायचे थांबले होते. बूट घट्ट होत नव्हते. डॉक्टरांनी पुन्हा तेच 'वाट पाहू' काढलं. मी सकाळी भिंतीपुढे उभी राहून शेवटची गोगलगाय बघायची. ती कशीबशी काढलेली होती. शंख अर्धवट, शिंग एकच.

त्याच सुमारास टॉर्चला कचेरीतल्या कपाटाच्या तळाशी एक कागद सापडला. घरच्या शिक्षकाने लिहिलेलं वेळापत्रक. थोरला तेव्हा चौदाचा होता, मधला बाराचा, आणि रोज सकाळी चौघंही याच खोलीत भूगोल शिकत होती.

"म्हणजे नवव्या वर्षी बाहेरगावी कुणी गेलंच नव्हतं," टॉर्च म्हणाला.

किती हजार मुलांना मी ते सांगितलं असेल, याचा हिशोब मी मनातच सोडून दिला. लाज तर वाटलीच. पण त्याहून मोठा प्रश्न समोर होता. मुलं इथेच वाढत होती, तर चौघांच्याही रेघा एकाच उंचीवर का संपाव्यात?

टॉर्चने कडेने उजेड टाकला. मी चष्मा पुसून त्याच्या शेजारी वाकले. खालच्या रेघा ठाम होत्या. पट्टीने आखल्यासारख्या. जसजसं वर जावं तसतशा त्या डळमळू लागत. एकशे वीसच्या वर त्या एका बाजूला उतरत, आणि अगदी वरच्यांना तर पेन्सिल भिंतीला जेमतेम टेकली होती. होडी, किल्ली, पान, चांदणी, सगळ्यांचं तेच. गोगलगायीचंही.

हे अक्षर मी ओळखत होते. चौतीस वर्षं रोज पाहिलं होतं. वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलाला फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला सांगा. ते टाचा उचलतं, हात ताणतं, आणि असंच लिहितं.

"या आईने काढलेल्या नाहीत," मी म्हणाले.

"मग कुणी?"

कागदपत्रांत चार मुलं आहेत. पाचवं कुठेही नाही. चित्रांत नाही, पत्रांत नाही. मी टॉर्चला तेवढंच सांगितलं, जे मला दिसत होतं. ज्याने कुणी या रेघा काढल्या, त्याचा हात याहून वर पोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी काचघरातून माळ्याचं लाकडी स्टूल मागून आणलं. गुडघ्याएवढं, पायऱ्या नसलेलं, मजबूत. अभ्यासाच्या खोलीत नवी वस्तू ठेवायची म्हणजे तीन सह्या लागतात. माझ्याकडे एकही नव्हती. स्टूल भिंतीखाली ठेवत असताना टॉर्च दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता दुसरी चिठ्ठी. त्याने स्टुलाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"पायांखाली फेल्टचं जाड कापड लावा," तो म्हणाला. "फरशीवर ओरखडे पडतील."

फेल्टही त्यानेच आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी काही नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. मग साप्ताहिक सुट्टी आली. घरी मुंगी दाराशी स्वतःच जाऊन उभी राहत होती. उंची तीच आहे हे बघून ती खेळायला निघून जाई.

सुट्टीनंतरच्या सकाळी मी कुलूप उघडलं.

ऊन भिंतीवर होतं.

एकशे अठ्ठावीसच्या वर जी जागा दीडशे वर्षं कोरी होती, ती कोरी राहिली नव्हती. रेघा वर गेल्या होत्या. माझ्या खांद्यापर्यंत, डोळ्यांपर्यंत, डोक्याच्या वर. सगळ्या ठाम, सगळ्या सरळ. पान एकशे सत्तावन्नला थांबलं होतं. चांदणी त्याच्या थोडी वर. किल्ली एकशे अडुसष्टला. होडी एकशे एकाहत्तरपर्यंत गेली होती, आणि तिथे काढलेल्या होडीला शीड होतं, जे आधीच्या कुठल्याच होडीला नव्हतं. मोठी झालेली, घर सोडून गेलेली, म्हातारी होऊन मेलेली ती चौघं. त्यांच्या वाढीचा प्रत्येक राहून गेलेला टप्पा तिथे तारखेसकट मांडलेला होता. एकही विसरलेला नव्हता.

मी एकेक रेघ वाचत नजर खाली आणली.

आणि खाली, एकशे सत्तावीसच्या जरा वर, एक गोगलगाय. दोन शिंगांची.

मी घरी फोन लावला. सूनबाईने उचलला. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली की मुंगी आज शाळेत जायला तयार नाही, पहाटेपासून गुडघे दुखताहेत. ती हे सांगताना हसत होती.

टॉर्चने त्या दिवशी खोली बंद ठेवली. सहल आली होती. तिला मी बागेतच फिरवलं आणि मुलांना सांगितलं, की वरच्या खोलीबद्दल आतापर्यंत आम्ही जे सांगत होतो ते चुकीचं होतं, आणि बरोबर काय ते आम्हाला माहीत नाही. एका मुलीने विचारलं, "मोठ्यांनाही माहीत नसतं?" मी हो म्हटलं. तिला ते उत्तर आवडलेलं दिसलं.

दुपारपर्यंत टॉर्च फिल्मवर रेघा गिरवत होता. चारच्या सुमाराला त्याने मला वर बोलावलं. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, हातातला टॉर्च भिंतीला टेकवून धरलेला.

"ही खाच बघा," तो म्हणाला. "मी दर वर्षी बघतो. खुर्चीची पाठ घासून पडली असावी, असं लिहीत आलोय."

खाच मुंगीच्या पहिल्या रेघेला चिकटून होती, बोटभर लांब. तिरप्या उजेडात तिच्या आत कडा दिसत होत्या. बारीक, एकावर एक. कुणीतरी आपलीच उंची मांडत असल्यासारखी त्याच जागी पेन्सिल ओढली होती, मग पुन्हा, मग पुन्हा. शेकडो वेळा, जराही वर नाही, जराही खाली नाही, इतक्या वेळा की चुना कोरला गेला होता. शेजारी तारीख नव्हती. खूणही नव्हती.

"सगळ्या लेपाच्या खाली आहेत," टॉर्च हळूच म्हणाला. "एक सोडून."

त्याने बोट जवळ नेलं, पण लावलं नाही. खाचेतली सगळ्यात वरची रेघ लेपाच्या वर होती, नुकतीच ओढलेली. तिच्या कडेला शिशाची बारीक भुकटी अजून भिंतीला धरून होती, आणि आम्ही दोघं श्वास रोखून बघत असताना त्यातली थोडी खाली सांडली.